शेततळ्यातील माशांचे आजार : ओळख आणि उपचार

धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा तालुका हा अवर्षणाचा तालुका होय. मुंबई-आग्रा हमरस्त्यावर वसलेले व सुरत-भुसावळ लोहमार्गावर स्थानक असलेले नरडाणा हे ह्याच तालुक्यातील गाव. उत्तरेकडून तापी वाहते, तालुक्यातून बुराई वाहते. तथापि नदीकाठ सोडून जरा आत गेले की विहिरीचे पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरेल याचा भरवसा कोणी देत नाही. अशा शिवारात पावसाचे पाणी साठवून ठेवणारे शेततळे हाच कोरडवाहू शेतकऱ्याचा आधार. राज्य शासनाने २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना सुरू केल्यानंतर शेततळ्याचे नाव गावोगावी परिचित झाले. तळ्यातील पाणी कपाशीला व भाजीपाल्याला द्यावयाचे आणि पाणी साठून आहे तोवर त्यातच मासे वाढवावयाचे, असा हा जोडधंदा आहे. २०२५ साली राज्य शासनाने मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जाही दिला. तेव्हा पिकावर कीड पडली असता जी दक्षता शेतकरी घेतो, तीच माशांच्या बाबतीतही त्याने घेणे ओघानेच आले.

वर ३० मीटर लांब व ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल आणि बाजूंना एकास एक उतार असलेले शेततळे काठोकाठ भरले म्हणजे त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. पाण्याचा पृष्ठभाग जवळजवळ ९ गुंठे भरतो. एवढ्या जागेत ६०० ते ७०० बोटुकली सुखाने वाढू शकते. त्यांपैकी ५०० मासे जगून प्रत्येकी तीन पाव ते एक किलो वजनाचे झाले असे धरले, तर चार ते पाच क्विंटल मासळी हाती येते. मात्र हे पीक पाण्याखाली असते. कपाशीची पाने कोकडली तर बांधावरून दिसतात. मासा आजारी पडला तर तो तळाशी जाऊन बसतो किंवा मरून वर येतो, तेव्हाच मालकाला कळते. मग धावपळ होते, दुकानातून जे मिळेल ते औषध आणून तळ्यात ओतले जाते, आणि पुष्कळदा रोगापेक्षा औषधानेच अधिक मासे दगावतात.

मरण्याची वेळ व मरण्याची रीत

मासे मरू लागले की पहिला प्रश्न रोगाचा नव्हे, पाण्याचा विचारावा. मासा ज्या पाण्यात श्वास घेतो त्याच पाण्यात त्याची विष्ठा, उरलेले खाद्य, शेण आणि कुजलेला पालापाचोळा मिसळत असतो. गुरे गोठ्याबाहेर बांधता येतात. माशाला तशी सोय नाही. म्हणून तळ्याकाठी गेल्यावर चार गोष्टी ध्यानात घ्याव्यात : मासे केव्हा मेले, कोणते मेले, किती मेले, आणि पाण्यातील इतर जीव कसे आहेत.

मासे पहाटे मेले व त्यांत मोठे मासे अगोदर मेले, तर बहुधा पाण्यातील प्राणवायू कमी पडला असे समजावे. दिवसा सूर्यप्रकाशात पाण्यातील हिरवे शेवाळ प्राणवायू तयार करते. रात्री तेच शेवाळ माशांप्रमाणे प्राणवायू घेऊ लागते. त्यामुळे सूर्योदयाच्या आधीच्या घटकेला पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. अशा वेळी मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करीत फिरतात. ऊन चढल्यावर ते पुन्हा खाली जातात, आणि सकाळी नऊ वाजता तळ्यावर येणाऱ्या मालकाला सारे ठीक दिसते. तळ्याची पाहणी पहाटेच करावी असे सांगतात ते याचसाठी.

सर्व जातींचे लहानमोठे मासे थोड्याच वेळात एकदम मेले, मरण्यापूर्वी ते वेड्यासारखे गोल फिरले किंवा उसळ्या मारू लागले, बेडूक व पाणकिडेही मेले, तर विषबाधेचा संशय घ्यावा. विषबाधेत लहान मासे बहुधा आधी मरतात. खानदेशात ह्या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. कपाशीवर फवारणी झाल्यावर पंप व डबे जवळच्या पाण्यात धुण्याची सवय अजून गेलेली नाही. कपाशीवर मारली जाणारी पायरेथ्रॉइड वर्गातील कीटकनाशके माशांना अत्यल्प प्रमाणातही घातक ठरतात. माणसाच्या नाकाला वासही येणार नाही एवढ्या मात्रेने तळे ओस पडू शकते. फवारणीनंतर आलेल्या पहिल्या सरीबरोबर शेतातील पाणी तळ्यात उतरले तरीही हा प्रकार घडतो. विषाने मेलेले मासे खाऊ नयेत, विकू नयेत व जनावरांनाही घालू नयेत. तळ्याचे पाणी गुरांना पाजण्याचे तत्काळ बंद करावे.

याउलट आज दोन, उद्या चार, परवा दहा अशी मर वाढत गेली, एकाच जातीचे किंवा एकाच वयाचे मासे मरत राहिले, आणि जिवंत माशांच्या अंगावर काही खूण दिसली, तरच तो रोग समजून पुढे जावे. ही तीन चित्रे ज्याला ओळखता आली त्याने निम्मे निदान केले असे म्हणण्यास हरकत नाही.

प्राणवायू कमी पडला तर

शेततळ्यातील माशांची हानी पुष्कळदा ह्याच कारणाने होते, म्हणून त्याचा विचार जरा विस्ताराने करणे अवश्य आहे. पाणी जितके ऊन तितका प्राणवायू त्यात कमी विरघळतो. २० अंश सेल्सियस तापमानाच्या लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तेच पाणी ३० अंशांवर गेले म्हणजे तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येतो. माशांच्या चांगल्या वाढीस ५ मिलिग्रॅम हवा. ३ च्या खाली गेला की मासा खाणे सोडतो व हवेसाठी वर येऊ लागतो. तापीच्या खोऱ्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर चढतो, त्याच वेळी तळ्यातील पाणी आटून निम्म्यावर आलेले असते आणि मासे मात्र वाढून दुप्पट वजनाचे झालेले असतात. सर्व प्रतिकूल गोष्टी एकाच वेळी जमून येतात.

दुसरा धोक्याचा काळ पहिल्या पावसाचा. उन्हाने तापलेल्या तळ्यात वरचे पाणी ऊन व तळाचे थंड राहते. तळाला साचलेल्या गाळामुळे तेथील पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. जून महिन्यात पावसाची गार सर जोरात आली की वरचे पाणी थंड व जड होऊन खाली जाते आणि तळाचे घाण पाणी वर येते. 'पाऊस पडला आणि मासे मेले' ही तक्रार ह्यातूनच निघते. त्यात पावसाचा दोष काही नसतो.

मासे वर येऊन श्वास घेताना दिसताच खाद्य व शेणखत घालणे ताबडतोब बंद करावे. पंप सुरू करून तळ्याचेच पाणी वरच्या थरातून उपसून तुषारासारखे परत तळ्यात पाडावे, म्हणजे हवेचा प्राणवायू त्यात मिसळतो. पंपाची फूटव्हॉल्व्ह तळाशी ठेवू नये. गाळ ढवळला तर लाभाऐवजी हानी होईल. विहिरीचे पाणी सोडावयाचे असल्यास तेही उंचावरून, फवारा पडेल असे सोडावे. खोल विहिरीच्या पाण्यात प्राणवायू पुष्कळदा कमीच असतो, म्हणून नळी नुसती पाण्यात बुडवून ठेवण्यात अर्थ नाही.

येथे एक व्यावहारिक अडचण सांगितलीच पाहिजे. शेतीपंपाला वीज जेथे पाळीपाळीने मिळते तेथे पहाटे चार वाजता ती असेलच असे नाही. आणि सौरपंप बसविलेला असला तरी सूर्य उगवेपर्यंत तो चालत नाही. म्हणजे माशाला पंपाची गरज ज्या घटकेस सर्वांत अधिक, नेमक्या त्याच घटकेस तो बंद असण्याचा संभव. ह्यावर डिझेलचे छोटे एंजिन शेजाऱ्यापाजाऱ्यांत मिळून ठेवणे हा एक उपाय आहे. दुसरा, व अधिक स्वस्त, म्हणजे बोटुकली बेताने सोडणे. पाणी २२ लाख लिटर आहे असे पाहून दोन-तीन हजार बोटुकली सोडण्याचा मोह पुष्कळांना होतो. पण हिशेब भरलेल्या तळ्याचा न करता मे महिन्यात उरणाऱ्या पाण्याचा केला पाहिजे.

ढगाळ हवा दोन-तीन दिवस टिकली की शेवाळास ऊन मिळत नाही. अशा दिवसांत खाद्य निम्मे करावे. पाणी फार हिरवे झाले आहे किंवा कसे, हे पाहण्यास साधी युक्ती आहे. हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवून तळवा पाहावा. तळवा अंधूक दिसत असेल तर पाणी ठीक. मनगटाच्या अलीकडेच तो दिसेनासा झाला तर शेवाळ अधिक झाले असे समजून खत थांबवावे.

सामू पाहिल्याशिवाय चुना नको

माशांच्या रोगावर चुना टाका, असा सल्ला जवळजवळ प्रत्येक पुस्तिकेत सापडतो. तो चुकीचा नव्हे. परंतु आम्ल जमिनीच्या प्रदेशात त्याचा जो गुण येतो तो खानदेशच्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत येईलच असे नाही. येथील पाणी मुळातच विम्लधर्मी असते, म्हणजे त्याचा सामू ७ च्या वर असतो. दुपारी शेवाळ जोरात असताना तो ९ पर्यंतही चढू शकतो.

ह्यात धोका आहे तो अमोनियाचा. माशांच्या विष्ठेतून व कुजणाऱ्या खाद्यातून अमोनिया निघतो. त्याचा काही भाग निरुपद्रवी रूपात व काही भाग विषारी रूपात असतो. पाण्याचे तापमान २८ अंशांच्या सुमारास असता, सामू ७ असेल तर शंभर भागांपैकी एक भागही विषारी नसतो. सामू ८ झाला की सहा-सात भाग विषारी होतात. ९ झाला की चाळिसाच्या घरात जातात. अमोनिया तेवढाच, तळे तेच, परंतु सामू चढताच त्याचे विष होते. अशा तळ्यात आजारी मासे पाहून कोणी कळीचा चुना टाकला तर सामू आणखी चढतो आणि संध्याकाळपर्यंत मर वाढते. तेव्हा चुना टाकण्यापूर्वी सामू सकाळी व दुपारी असा दोन वेळा तपासावा. तपासणीच्या कागदी पट्ट्या स्वस्त मिळतात. सामू साडेआठच्या वर असल्यास चुना टाकू नये. खाद्य बंद ठेवून काही पाणी पिकास द्यावे व ताजे पाणी घ्यावे. काढलेले पाणी खतयुक्त असल्यामुळे कपाशीस ते मानवते. सामू योग्य असेल व चुना टाकणे इष्ट असेल, तर हेक्टरी २०० किलो ह्या प्रमाणाने ९ गुंठ्यांच्या तळ्यास १८ किलो पुरतो. तो पाण्यात विरवून, निवल्यावर, सर्वत्र शिंपडावा.

प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मातीच्या तळ्याचा तळ घाण काही प्रमाणात पचवितो. प्लास्टिकवर ती तशीच साचून राहते. म्हणून अशा तळ्यात खाद्य ताटलीतून किंवा गोणीतून टांगून द्यावे व उरलेले खाद्य रोज काढावे.

माशाची तपासणी

पाणी ठीक आहे अशी खात्री झाल्यावर मासा पाहावा. मेलेला मासा तपासणीस निरुपयोगी असतो, कारण उन्हाळ्यात दोन-तीन तासांतच त्याच्या अंगावर कुजण्याच्या खुणा उमटतात व त्या रोगाच्या वाटतात. फेकजाळ्याने पाच-सहा जिवंत मासे धरावेत. त्यांत काही सुस्त व काही तरतरीत असावेत, म्हणजे तुलना करता येते. हात ओले करूनच मासा धरावा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि तो थर म्हणजेच माशाचे पहिले कवच होय.

अंगावर लहान, चपटे, हिरवट, नखाएवढे किंवा त्याहून लहान ठिपके सरकताना दिसले तर ती माशांवरील ऊ, म्हणजे आर्ग्युलस. ती डोळ्यांना सहज दिसते. मासे तळ्याच्या भिंतीस अंग घासतात, उड्या मारतात, वाळतात. रोहू व कटला ह्यांच्यावर ती फार पडते. तिच्या माद्या मासा सोडून पाण्यातील काठ्या, दगड, दोर, नळ्या यांवर अंडी चिकटवितात. प्लास्टिकच्या तळ्यात अशा जागा थोड्या असल्याने तिला फसविणे सोपे जाते : बांबूच्या चटया किंवा लाकडी फळ्या जागोजाग उभ्या सोडाव्यात, दर आठवड्यास बाहेर काढून कडक उन्हात वाळवाव्यात व पुन्हा सोडाव्यात. महिनाभर नेटाने केल्यास उवांची पैदास मोडते. कीटकनाशक वर्गातील औषधे ह्या उवांवर चालतात हे खरे, परंतु त्यांची मात्रा मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्याला विचारल्यावाचून ठरवू नये. कपाशीचे औषध अंदाजाने तळ्यात टाकणाऱ्याच्या उवा मरतात, मासेही मरतात.

पर व शेपटी कडेने पांढरी होऊन झिजलेली दिसली, तर ती सडण्याची सुरुवात होय. पोट फुगले, खवले उभे राहिले, त्यांच्या मुळाशी पाणी साठले, तर तो जलोदर. दोन्ही आजार जिवाणूंचे आहेत, आणि ते जिवाणू प्रत्येक तळ्यात नेहमीच असतात. गर्दी, घाण पाणी, हाताळणीतील जखमा यांनी मासा अशक्त झाला म्हणजेच ते बळावतात. म्हणून येथे औषधापेक्षा गर्दी कमी करणे हेच खरे काम. प्रतिजैविके स्वतःच्या मनाने खाद्यात मिसळू नयेत. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान ही औषधे खाण्याच्या माशांत वापरण्यास मनाई आहे, आणि मॅलाकाइट ग्रीन हा हिरवा रंग शोभेच्या माशांना वापरलेला दिसला तरी खाण्याच्या माशांच्या तळ्यात तो टाकू नये. तो मासा कोणाच्या तरी घरात मुलांच्या ताटात जाणार आहे.

कल्ल्याचे झाकण उचलून आतील भाग पाहण्यास विसरू नये. निरोगी कल्ले लालभडक असतात. ते फिके, चिकट, ठिपक्याठिपक्यांचे किंवा कुजलेले दिसले तर मासा गुदमरूनच मरत असतो, मग पाण्यात प्राणवायू कितीही असो.

थंडीच्या दिवसांत अंगावर तांबडे डाग उठून त्यांचे खोल व्रण झाले, तर मात्र विलंब करू नये. ह्या व्रणरोगाचे मूळ अफॅनोमायसिस इन्व्हॅडन्स नावाच्या बुरशीसदृश जीवात आहे. जपानात १९७१ साली व ऑस्ट्रेलियात १९७२ साली तो नोंदला गेला. भारतात १९८८ साली ईशान्येकडील राज्यांत तो प्रथम आढळला व तेथून इतरत्र पसरला. मरळ माशाला तो फार लवकर गाठतो, म्हणून नदीनाल्यातील मरळ धरून तळ्यात सोडण्याची हौस टाळावी. पाणी गार होऊ लागले की ह्या रोगास जोर येतो, आणि धुळे जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री चांगल्याच थंड असतात. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने ह्यावर 'सिफॅक्स' हे औषध तयार केले. त्याची मात्रा हेक्टर-मीटर पाण्यास १ लिटर, म्हणजे १ कोटी लिटर पाण्यास १ लिटर अशी आहे. काठोकाठ भरलेल्या २२ लाख लिटरच्या तळ्यास २२० मिलिलिटर पुरते. तळे निम्मे असेल तर ११०. औषध बादलीभर पाण्यात मिसळून साऱ्या पृष्ठभागावर शिंपडावे.

समुद्रातला मासा आणि तळ्यातला मासा

तळ्याच्या गढूळ पाण्यात रोगाची चाल दिसत नाही. काचेच्या टाकीत ती दिसते. म्हणून शोभेचे समुद्री मासे बाळगणाऱ्यांनी जे अनुभवाने जाणले, ते शेतकऱ्यालाही उपयोगी आहे. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले आणि समुद्रातील रंगीत मासे काचेआड पाहण्याची सोय सामान्य माणसास झाली. अशा खाऱ्या पाण्याच्या टाकीत एक रोग पुनःपुन्हा छळतो : माशाच्या अंगावर मिठाचे कण शिंपडावेत तसे पांढरे ठिपके उठतात. क्रिप्टोकॅरिऑन नावाचा एकपेशीय परजीवी त्याचे कारण. गोड्या पाण्यात हुबेहूब असाच रोग इक्थिऑफ्थिरियस नावाचा दुसरा परजीवी करतो, आणि तो शेततळ्यातील बोटुकलीलाही होतो.

ह्या दोघांची युक्ती सारखीच आहे. परजीवी काही दिवस माशाच्या कातडीखाली वाढतो, मग गळून तळाशी जातो, कवच धारण करतो, आत शेकडो पिले तयार करतो, आणि ती पिले पोहत जाऊन नवा मासा गाठतात. कातडीखाली व कवचात असताना औषध त्याला लागत नाही. पोहणाऱ्या पिलांनाच काय ते लागते. म्हणून ठिपके नाहीसे झाले की रोग गेला असे समजून उपचार थांबविणारा माणूस हमखास फसतो. परजीवी तेव्हा तळाशी कवचात असतो. उपचार दर दोन-तीन दिवसांनी, निदान दोन आठवडे, चालू ठेवावा लागतो.

आता मिठाचे पाहू. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. माशाच्या रक्तात साधारण त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतके. समुद्रातील माशाच्या अंगातून पाणी सतत बाहेर ओढले जाते, म्हणून तो समुद्राचे पाणी पितो व जादा मीठ कल्ल्यांवाटे टाकतो. गोड्या पाण्यातील माशाचे उलट : पाणी त्याच्या अंगात सतत शिरते, आणि ते मूत्रावाटे काढण्यात त्याची शक्ती खर्च होते. अंगावर जखम असली की पाणी अधिकच शिरते. ह्या भेदावर एक सुंदर उपाय उभा आहे. समुद्री माशाला काही मिनिटे गोड्या पाण्यात बुडविले तर त्याच्या अंगावरचे पुष्कळ परजीवी फुगून फुटतात. गोड्या पाण्यातील माशाला मिठाच्या पाण्यात बुडविले तर त्याच्यावरचे परजीवी सुकून गळतात, बुरशीस आळा बसतो, आणि माशावरचा भारही थोडा हलका होतो. परजीवीपेक्षा मासा अधिक वेळ तग धरतो, एवढ्या थोड्या अवधीवर हा सारा उपचार अवलंबून आहे.

मिठाचे स्नान असे द्यावे. १०० लिटर तळ्याच्याच पाण्यात २ ते ३ किलो साधे जाडे मीठ पूर्ण विरघळवावे. बोटुकली जाळीच्या टोपलीत घेऊन त्यात ३ ते ५ मिनिटे बुडवावी. नजर हलवू नये. मासा कलंडू लागला की, वेळ पुरी झालेली नसली तरी, लगेच बाहेर काढून स्वच्छ पाण्यात सोडावा. पाच-सहा टोपल्या झाल्या की पाणी बदलावे. काम सकाळच्या गारव्यात उरकावे.

हा उपाय टोपलीतल्या माशांसाठी आहे, सबंध तळ्यासाठी नव्हे. तळ्यातील पाणी लिटरला ३ ग्रॅम एवढे सौम्य खारे करावयाचे म्हटले तरी २२ लाख लिटरला ६६ क्विंटल मीठ लागेल. ते परवडेल असे घटकाभर मानले, तरी तेच पाणी पुढे कपाशीला जावयाचे आहे. माशांसाठी शेत खारवून घेणे शहाणपणाचे नव्हे. पोटॅशियम परमँगनेटचेही तसेच. विहिरीत टाकतात ते हे जांभळे औषध लिटरला २ मिलिग्रॅम प्रमाणाने तळ्यास टाकता येते, म्हणजे भरल्या तळ्यास सुमारे साडेचार किलो. परंतु मासे हवेसाठी वर येत असताना ते कदापि टाकू नये. त्याने पाण्यात प्राणवायू वाढतो ही समजूत खोटी आहे. शेवाळ मेल्यामुळे तो उलट घटतो.

काचेच्या टाकीपासून घेण्याजोगी आणखी एक शिस्त आहे. जाणता मनुष्य नवा समुद्री मासा थेट मोठ्या टाकीत सोडीत नाही. चार ते सहा आठवडे निराळ्या टाकीत ठेवून पाहतो. शेतकऱ्याला इतके दिवस थांबणे कठीण, तथापि तळ्याच्या कोपऱ्यात बारीक जाळीचा हापा बांधून बाहेरून आणलेली बोटुकली त्यात आठवडाभर ठेवणे अवघड नाही. पिशवी प्रथम १५ ते २० मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी, मग तळ्याचे पाणी थोडे थोडे आत घ्यावे, नंतर मिठाचे स्नान देऊन मासे हाप्यात सोडावेत. पिशवीतले पाणी तळ्यात ओतू नये. दुसऱ्याच्या तळ्यातील जाळे आणल्यास ते कडक उन्हात पुरते वाळवल्याशिवाय पाण्यात घालू नये.

नमुना कसा पाठवावा

घरच्या उपायांनी दोन-तीन दिवसांत मर न थांबल्यास धुळे येथील मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयाशी किंवा कृषि विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा. जाताना तीन-चार जिवंत आजारी मासे निम्मे पाणी व निम्मी हवा भरलेल्या पिशवीत न्यावेत. ते शक्य नसल्यास नुकतेच मेलेले मासे बर्फात घालून न्यावेत. पाण्याची बाटली हातभर खोलीवरून, काठोकाठ व हवा न राहील अशी भरून घ्यावी. तीवर वेळ लिहावी. सोबत वही असावी : बोटुकली केव्हा व किती सोडली, खाद्य कोणते व किती, शेवटचा पाऊस केव्हा झाला, आसपासच्या कपाशीवर कोणत्या औषधाची फवारणी कोणत्या दिवशी झाली, आणि रोज किती मासे मेले. अधिकाऱ्याला ह्या वहीतून जेवढे समजते तेवढे पुष्कळदा माशातून समजत नाही.

मेलेले मासे बांधावर फेकू नयेत. बगळे, कावळे व कुत्री ते उचलून शेजारच्या तळ्याकाठी नेतात. तळ्यापासून दूर खड्डा करून, वर चुना पसरून ते पुरावेत. मासळी काढून तळे रिकामे झाल्यावर प्लास्टिकवरचा गाळ खराट्याने काढून शेतात टाकावा व तळे मे महिन्याच्या उन्हात निदान आठ-दहा दिवस कोरडे पडू द्यावे. पुढील पावसाचे पाणी त्यानंतरच आत घ्यावे.